रोम, अथेन्स आणि अळणी वरण

जानेवारी संपत आला की लातूरच्या हवेला तुरीचा वास येतो. बाहेरगावच्या माणसाला तो बसमधून उतरताच कळतो, आम्हाला चार दिवस उशिरा कळतो. सकाळी स्कूटीचं सीट पुसायला घेतलं आणि फडक्यावर पिवळट भुकटी आली की समजायचं, नव्या तुरी बाजारात आल्या, डाळमिली जोरात सुरू झाल्या. तापलेल्या टरफलाचा वास असतो तो. भाजल्यासारखा, पण पुरता भाजलेला नाही.

याच दिवसांत आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीची सराव परीक्षा असते. मी तिथं इतिहास शिकवते. मुली वर्गात येतात, रुमालानं बाक पुसतात, रुमाल खिडकीबाहेर झटकतात आणि मगच उत्तरपत्रिका खाली ठेवतात. मी पर्यवेक्षण करत रांगांमधून फिरते तेव्हा मला दरवर्षी तीस वर्षांपूर्वीची तीच एक खोली आठवते. आडत बाजाराच्या मागे, दोन डाळमिलींच्या मध्ये, पत्र्याची. त्या खोलीत मी बारावी झाले.

या वर्षी मात्र खोलीच्या जोडीला आणखी एक गोष्ट डोक्यात होती. रोम की अथेन्स?

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, आठ दिवसांसाठी युरोपला जायचं ठरवलं होतं. आमच्या ह्यांना विमानाची भीती वाटते. ते म्हणाले, "तुम्ही दोघी जाऊन या, मी घर सांभाळतो," आणि हे त्यांनी इतक्या पटकन म्हटलं की आम्हाला आग्रह करायचीही संधी मिळाली नाही. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर हातात पाच दिवस उरतात. पाच दिवसांत एकच शहर नीट पाहून होतं. ही दोनच नावं का, याचं उत्तर सोपं आहे. शाळेपासून मी हीच दोन नावं लिहीत आले आणि नोकरी लागल्यापासून हीच फळ्यावर लिहीत आले. पॅरिस, लंडन ही आमच्यासाठी सिनेमातली गावं. रोम आणि अथेन्स ही पुस्तकातली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे पुस्तकातल्या गावांवर माझा जीव जास्त.

प्रवासाचं काम नांदेडचे रफीकभाई बघत होते. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांचं जुन्या बाजारात तिकिटांचं दुकान आहे. आधी बसची तिकिटं, मग हजची, आता सगळीकडची. अक्का नांदेडलाच राहते, शिवणकाम करते आणि रफीकभाईंच्या घरातले कपडे वीस वर्षं तिच्याकडेच येतात. त्यामुळे ते मला मॅडम म्हणतात आणि तिला आपा.

त्या रविवारी मी लातूरहून सकाळच्या एसटीनं निघाले, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचले, आणि आम्ही दोघी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. भिंतीवर मक्केचा फोटो, त्याच्या शेजारी सिंगापूरच्या सिंहाचा, खाली पाण्याचा जार.

"मॅडम, बोला. कुठलं पक्कं?" रफीकभाईंनी विचारलं. "व्हिसासाठी कुठल्या देशाकडं जायचं, ते शहरावर ठरतं. शनिवारपर्यंत नाव पाहिजे."

"दोन्ही नाही का बसणार?" मी म्हणाले. "अडीच दिवस रोम, अडीच दिवस अथेन्स."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आपा, जरा समजवा यांना. मी कवापासून सांगून राहिलो. दोन शहरं केली तर दोन एअरपोर्ट बघून होतील. शहर न्हाई."

अक्का हसली. "तिला सवयच हाय. एक करा म्हणलं की ती दोन करती."

मग मी दोन्ही शहरांबद्दल सांगायला लागले. रोमबद्दल सांगितलं की मोठं आहे, जुने दगडी चौक आहेत, गर्दी फार असते. अथेन्सबद्दल सांगितलं की गावाच्या मधोमध डोंगर आहे, डोंगरावर देवीचं देऊळ आहे, पांढऱ्या दगडाचं. "आपल्या माहूरसारखंच बघ अक्का. गावातून कुठूनही वर बघितलं तरी देऊळ दिसतं."

"देवी हाय अजून तिथं?"

"मूर्ती आता नाही. देऊळ आहे."

"मग देवी कुठं गेली?" अक्कानं विचारलं, आणि रफीकभाई म्हणाले, "आपा, ते तिथं जाऊनच विचारा."

बोलता बोलता त्यांनी अक्काचा नवा पासपोर्ट चाळायला घेतला. तो गेल्याच आठवड्यात आला होता. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "ईसीआर लागलंय. आपा, दहावी झाली नव्हती काय तुमची?"

ज्यांची दहावी झालेली नसते त्यांच्या पासपोर्टवर तो शेरा येतो. कामासाठी काही देशांत जायचं असेल तर त्यांना वेगळी परवानगी लागते. आम्ही फिरायला जाणार होतो, आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता. रफीकभाईंनीही लगेच तसं सांगितलं.

"एक विषय राहिला व्हता," अक्का म्हणाली. "इंग्रजी." आणि ती दुकानाबाहेर बघायला लागली. बाहेर एक माणूस हातगाड्यावर बोरं मांडत होता, त्याच्याकडे.

मीही बोरंच बघितली.

आता त्या खोलीबद्दल सांगते.

आमचं गाव बिलोली तालुक्यातलं. दहावीला मला बरे मार्क पडले तेव्हा शाळेतल्या सरांनी आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना सांगितलं, हिला लातूरला ठेवा. आबांनी ठेवलं. बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर अक्का माझ्याजवळ राहायला आली, स्वयंपाकाला आणि सोबतीला. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची दहावी एका इंग्रजीनं अडली होती. तो एक पेपर पुन्हा द्यायचा म्हणून तिनं बिलोलीच्या शाळेत फॉर्म भरून ठेवला होता आणि मगच ती लातूरला आली होती.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, पिठाचा डबा, एक खिडकी. खिडकी उघडली की मिलचा आवाज आणि भुकटी दोन्ही आत, बंद केली की फक्त आवाज. भुकटी तरीही कुठून तरी यायचीच. पाण्याच्या हंड्यावर साय धरल्यासारखी धरायची. केसांत बसायची. अक्का संध्याकाळी खोली झाडायची, मग माझी पुस्तकं एकेक करून खाली घ्यायची आणि पदरानं पुसायची. नुसतं वरून पुसायची नाही. पुस्तक उघडायची, दोन-दोन पानं धरून झटकायची, आणि परत होतं तसं रचायची. मी म्हणायचे, "रोज कशाला?" ती म्हणायची, "डाळ खायाची असती, वाचायची नसती."

जेवायला तुरीचीच डाळ. मिलमध्ये सोलताना तुटलेल्या डाळीची चुरी शेजारची एक बाई आणून द्यायची. त्या चुरीचं वरण आणि ज्वारीची भाकरी, दोन्ही वेळा. मला त्या वरणाचा कधी कंटाळा आला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, खरंच आला नाही. अजूनही तुरीची डाळ शिजताना जो पहिला फेस वर येतो त्याच्या वासाबरोबर मला सनावळ्या आठवतात.

पहाटे अक्का माझी उजळणी घ्यायची. पुस्तक तिच्या हातात, मी भिंतीला टेकून. ती प्रश्न वाचायची आणि मी उत्तर म्हणायचे. चुकले की पुढचा शब्द ती सांगायची. पुस्तकातली भाषा ती पुस्तकासारखीच वाचायची, एक अक्षर न गाळता, आणि लगेच पुढच्या वाक्याला, "ऊठ की गं, डोळे मिटून काय सांगून राहिली?"

एकदा तिनं विचारलं होतं, "हे अथेन्स लांब हाय?"

"लई लांब."

"नांदेडच्या पल्याड?"

"हाव. पल्याड."

आम्ही दोघी हसलो होतो. आम्हाला दोघींनाही नांदेडच्या पल्याड काय असतं ते माहीत नव्हतं.

त्या जानेवारीतल्या सराव परीक्षेत माझ्याकडून एक चूक झाली. पेपरात प्रश्न होता, अथेन्सची लोकशाही किंवा रोमचे साम्राज्य यांपैकी एकावर टीप लिहा. मी दोन्ही लिहायला घेतल्या. माझ्यासारख्या मुली ही चूक हमखास करतात, मी आजही बघते. घरात कधी कुणी हे पाहिजे की ते असं विचारलेलं नसतं. ताटात येईल ते खायचं, अंगावर येईल ते घालायचं. मग कागदावर अचानक "किंवा" दिसलं की वाटतं, हा काही तरी डाव आहे. एकच लिहिलं आणि तेच चुकलं तर? त्यापेक्षा दोन्ही लिहून टाकावं, तपासणाऱ्याला जे हवं ते तो घेईल. मी अथेन्स पूर्ण लिहिलं. रोम अर्धं झालं आणि घंटा झाली. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले.

सरांनी रोमवर तांबड्या शाईची उभी रेघ मारली होती. पेपर देताना म्हणाले, "पोरी, एकच लिहायचं होतं. दोन्ही लिहिलंस म्हणजे एकावरही भरवसा नव्हता तुझा."

तो पेपर घेऊन मी खोलीवर आले आणि रडले. अक्कानं पेपर नीट वाचला. रेघ मारलेलं रोमसुद्धा वाचलं.

पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या ह्यांनाही नाही.

बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या होत्या. माझे दोन पेपर झाले होते. पहिल्या पेपरच्या आधी मला भीतीनं उलटी झाली होती. अशात एका शनिवारी आबा गावाकडून ज्वारीचं पीठ घेऊन आले. अक्का तेव्हा कोपऱ्यावरच्या नळाला रांगेत होती. आबांना परतीची गाडी गाठायची होती, ते बसलेही नाहीत. धोतराच्या कनवटीतून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"अक्काचं हॉल तिकीट हाय. साळंतून आणलं. बुधवारी पेपर हाय तिचा. मंगळवारच्या गाडीला बसवून दे तिला."

"देते," मी म्हणाले.

बुधवारी तिचं इंग्रजी आणि गुरुवारी माझा इतिहास. लातूरहून नांदेड, नांदेडहून बिलोली. मंगळवारी जाऊन ती गुरुवारी परत आली असती. म्हणजे इतिहासाच्या पेपरला जाताना मी त्या खोलीत एकटी. पहाटे उठवायला कुणी नाही, उजळणी घ्यायला कुणी नाही. मी तो कागद इतिहासाच्या पुस्तकात ठेवला. संध्याकाळी देऊ म्हटलं. संध्याकाळी म्हटलं, उद्या देऊ. मंगळवारची गाडी गेली तेव्हा मी सनावळ्या पाठ करत होते.

अक्कानं कधी विचारलं नाही की आपलं हॉल तिकीट कसं आलं नाही. फॉर्म तिनं भरला होता, तारीख तिला ठाऊक असणार. ती विचारत नाही, याचाच मी आधार घेतला. सुट्टीत गावी गेल्यावर आबांनी तिला विचारलं, "पेपर?" ती म्हणाली, "राहिला." आबा "बरं" म्हणाले. ते फार बोलणारे नव्हते. मे महिन्यात तिचं लग्न झालं. ऑक्टोबरची परीक्षा आली आणि गेली.

मला इतिहासात कॉलेजात सर्वांत जास्त मार्क पडले. पुढे पदवी, मग बी.एड., मग नोकरी. सत्काराच्या कार्यक्रमांत मी नेहमी अक्काचं नाव घेते. तिनं माझ्यासाठी शिक्षण सोडलं, असं म्हणते. लोक टाळ्या वाजवतात. समोर बसलेली अक्का पदर सारखा करते. "सोडलं" हा शब्द मी इतकी वर्षं वापरला.

रफीकभाईंच्या दुकानातून आम्ही ऑटोनं अक्काच्या घरी गेलो. दाजी जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून कामावर जातात, पुढच्या खोलीत अक्काचं मशीन आहे. दुपारी ती शिवायला बसली आणि मी शेजारच्या पलंगावर. हातात जांभळा ब्लाउज होता, कापडावर खडूच्या दोन-तीन जुन्या रेघा अजून दिसत होत्या. अक्का कापड लवकर कापत नाही. आखते, पुसते, पुन्हा आखते. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणते, खडू पुसता येतो, कात्री पुसता येत न्हाई.

पासपोर्टवरचा तो शेरा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. मी म्हणाले, "अक्का, त्या वर्षी तुझं हॉल तिकीट आलं होतं. आबांनी माझ्याजवळ दिलं होतं."

तिनं मशीन थांबवलं नाही. शिलाई टोकापर्यंत नेली, कापड फिरवलं, आणि म्हणाली, "इतिहासाच्या पुस्तकात ठेवलं व्हतंस. रोमचा धडा हाय तिथं."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुझी पुस्तकं रोज कोण पुसत व्हतं, सुमे?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलतीस का, ते बघून राहिले. रविवारी बघितलं. सोमवारी बघितलं. मंगळवारी तर पिशवीबी भरून ठेवली व्हती, खाटेखाली. गाडी गेली. मग म्हणलं जाऊ दे."

"राग नाही आला?"

"आला की." तिनं दोरा दातांनी तोडला. "लई आला. तुझ्या वरणात मीठ टाकायचं सोडलं."

मला आधी कळलंच नाही.

"तुझे पेपर संपेपर्यंत अळणी वरण केलं. म्हणलं, एकदा तरी ही म्हणंल, अक्का, मीठ न्हाई गं. मग मी बोलीन. तर तू आपली खातच राहिलीस. वर म्हणलीस, आज वरण हलकं लागतंय, झोप येत न्हाई. आणि मलाबी तेच खावं लागलं, दोन भांडी कुठून आणू?"

ती हसायला लागली, आणि मग मीही हसले, पण मला ते हसू बोचत राहिलं. कारण ते अळणी वरण मला चांगलं आठवत होतं. माझी समजूत अशी होती की परीक्षेच्या दिवसांत मुलांना झोप येऊ नये म्हणून आमच्याकडे मुद्दाम अळणी देतात आणि अक्काला ते माहीत आहे. इतकंच नाही, नोकरी लागल्यापासून दरवर्षी बोर्डाच्या परीक्षेच्या आधी मी वर्गातल्या मुलींना सांगत आले होते, परीक्षेत मीठ कमी खा, डोकं हलकं राहतं. माझ्या बहिणीनं मला तसंच जेवू घातलं होतं, असंही सांगत आले होते.

"मी दिलं असतं तर गेली असतीस?" मी विचारलं.

अक्कानं ब्लाउज उलटा केला, काखेतली शिलाई बघितली. "ते आता कोण सांगावं. तू घाबरट. तुला उलटी झालेली. गेलेबी नसते कदाचित." मग ब्लाउज सुलटा करत म्हणाली, "पण तू इचारलं असतंस तर माझं मला ठरवता आलं असतं. जायाचं का ऱ्हायाचं. माझ्या मनानं राहिले असते तर येगळं असतं ना गं."

"अक्का, माझं..."

तेवढ्यात दारातून कुणीतरी हाक मारली. "मावशी, ब्लाउज झाला का? संध्याकाळी साखरपुडाय." ज्या बाईचा तो जांभळा ब्लाउज होता तीच होती. दोघींचं हुकांवरून बोलणं सुरू झालं. माझं वाक्य तिथंच राहिलं. ती बाई गेल्यावर अक्का चहा ठेवायला उठली आणि मला पुन्हा सुरुवात करता आली नाही.

निघताना मी चपला घालत म्हणाले, "आता विचारते. रोम की अथेन्स?"

"शनिवारपर्यंत टाइम हाय ना? शुक्रवारी सांगते. मधी फोन करून डोकं खाऊ नको."

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. लोह्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर कापून पेंढ्या उभ्या केल्या होत्या. कुठे मळणी यंत्र चालू होतं, कुठे बाया काठीनं झोडपत होत्या. मला स्वतःला अथेन्स हवं होतं. हे मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण तोवर मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. सकाळचं माझंच बोलणं मला आठवलं. रोम मोठं आहे, दगडी आहे, गर्दीचं आहे. अथेन्सला डोंगर आहे, देवी आहे, माहूर आहे. अक्का दरवर्षी नवरात्रात माहूरच्या पायऱ्या चढते हे मला माहीत नव्हतं का? मी तिला निवड दिली होती, आणि ताटात एकीकडे भाकरी आणि दुसरीकडे पुरणपोळी ठेवून दिली होती. तीस वर्षांनी मी पुन्हा तोच कागद पुस्तकात ठेवत होते, फक्त आता मला बोलता छान येत होतं.

एकदा वाटलं, फोन करावा आणि रोमची बाजूही नीट सांगावी. पण तिनं फोन करू नको म्हणून बजावलं होतं. मी ठरवलं, ती अथेन्स म्हणणार, मी हो म्हणणार, आणि हे ओझं मी माझ्याबरोबर विमानात नेणार.

तो आठवडा पर्यवेक्षणात गेला. तीन तास वर्गात काही करायचं नसतं. मुली लिहितात, पंखा फिरतो, कागदांची कड फडफडते. बुधवारी एक मुलगी "किंवा"च्या दोन्ही बाजू लिहीत होती. मी तिच्या बाकाजवळ दोनदा थांबले. पर्यवेक्षकानं बोलायचं नसतं. पेपर संपल्यावर तिला बाहेर गाठलं. "दोन्ही का लिहिलंस गं?" ती म्हणाली, "मॅडम, काय माहीत कोणतं बरोबर हाय." मी तिला सांगितलं की दोन्ही बरोबर असतात, म्हणूनच विचारतात. हे तिला कितपत पटलं, माहीत नाही. मलाही ते पटायला बरीच वर्षं लागली. चांगल्या आणि वाईटातलं एक घ्यायला कुणी विचारतच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अक्काचा फोन आला. मी कणीक मळत होते, हाताच्या कोपरानं फोनचा स्पीकर लावला.

"रोम," ती म्हणाली.

"रोम?"

"हाव. रफीकभाईला सांगून टाकलं मी. तुला मागून सांगून राहिले."

"अगं पण अथेन्सला देवी..."

"देवी मला माहूरला भेटती. दरसाल चढते की. आठ दिवस विमानानं जाऊन पुन्हा पायऱ्याच चढू काय? आणि तूच म्हणलीस, देवी तिथं न्हाई. रिकामं देऊळ बघून काय करायचं?"

ती पुढे म्हणाली, "आणि अथेन्स तू पुरं लिहिलं व्हतं. रोम अर्धं राहिलं. सरानं रेघ मारलेली, ते."

"म्हणजे पुन्हा माझ्यासाठीच," मी म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. "अक्का, मी तुझं विचारत होते."

"माझंच सांगून राहिले. तू अर्धं लिहिलंस. मला पुरं येत व्हतं." आणि ती म्हणायला लागली, पुस्तकातल्यासारखं, एक अक्षर न गाळता, "रोम हे शहर टायबर नदीच्या काठी सात टेकड्यांवर वसलेले आहे. आरंभी ते मेंढपाळांचे एक छोटेसे गाव होते..." तिनं चार वाक्यं म्हटली. पाचव्याला अडली. पुढचा शब्द मला सांगता आला असता, पण मी थांबले. तिला तो आपोआप आठवला.

"उजळणी तुझी व्हती," ती म्हणाली, "पण पुस्तक माझ्या हातात व्हतं. त्या सात टेकड्या खऱ्याच हायत का, ते मला मोजून बघायचं हाय. तवापास्नं हाय डोक्यात."

"टेकड्यांवर चढावं लागेल."

"मोजायच्या हायत. चढायच्या कुणी सांगितलं?"

ती फोन ठेवायच्या बेतात होती. मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी माझं बोलणं राहिलं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली बघ. ठेवते."

शिट्टी मला ऐकू आली नव्हती. कदाचित तिच्याकडे झाली असेल.

शनिवारी सराव परीक्षेचा शेवटचा पेपर होता. मुली घोळक्यानं बाहेर पडायच्या बेतात होत्या आणि बोर्डाच्या परीक्षेला आता तीनच आठवडे राहिले होते. दरवर्षी या दिवशी मी त्यांना पाच मिनिटं थांबवते आणि चार गोष्टी सांगते. हॉल तिकीट आदल्या दिवशीच पिशवीत ठेवा. "किंवा" नीट वाचा, एकच सोडवा. वेळेवर झोपा. तिथं मी थांबले.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, आणि मीठ?"

"मिठाचं काय?"

"कमी खायचं ना? ताई सांगते. ताई तुमच्याच वर्गात होती. तिनं बारावीला महिनाभर अळणी खाल्लं, आता मलाही तेच खायला लावते."

वर्ग हसला. बाकावरची भुकटी तिच्या बाहीला लागली होती, ती झटकत ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"नेहमीसारखं खा," मी म्हणाले. "आणि ताईला सांग, माझं चुकलं."